न दुखणारा चटका

मज्जारज्जूची ओळख : लेखांक आठवा

‘भाजलं, पण कळलंच नाही’ अशी तक्रार घेऊन दवाखान्यात कुणी येत नाही. लोक येतात ते मान धरते म्हणून, खांदा भरून येतो म्हणून, हातातली पकड सुटते म्हणून. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरवता येत नाही, लाटणं हातातून निसटतं. अशा माणसाचे हात उजेडात नीट पाहिले, तर कधीकधी बोटांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ भाजल्याचे डाग दिसतात. काही पांढरे पडलेले, काही अजून कोवळे. हे कशानं झालं असं विचारलं की उत्तर येतं, “तव्याचा चटका असेल, नक्की आठवत नाही.” विडी ओढणाऱ्याच्या पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात काळपट डाग असतो आणि तो कधी पडला हे त्यालाही सांगता येत नाही. ज्याला चटका बसल्याचं आठवत नाही, त्याला तो बसताना जाणवलाच नसेल, ही शंका तपासणाऱ्याच्या मनात त्याच क्षणी यायला हवी. सिरिंगोमायलिया या मज्जारज्जूच्या आजाराची ही सर्वांत बोलकी खूण आहे, आणि रुग्ण ती स्वतःहून कधीच सांगत नाही. जे जाणवतच नाही त्याची तक्रार तो करणार कशी? म्हणून ती विचारून काढावी लागते.

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की त्वचेवरून निघालेल्या सगळ्या संवेदना मेंदूकडे एकाच वाटेनं जात नाहीत. स्पर्श, कंप आणि सांध्याच्या स्थितीची जाणीव एका वाटेनं जाते. वेदना आणि उष्ण-थंड यांची जाणीव दुसऱ्या. तेव्हा हा तपशील काहींना कोरडा वाटला असेल. आज त्याचा उपयोग आहे, कारण हा आजार नेमका त्या दोन वाटांच्या मधली फट शोधतो.

मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि साधारण करंगळीएवढ्या जाडीचा असतो. त्याच्या मधोमध एक अतिशय बारीक नलिका असते. गर्भावस्थेत ती ठळक असते, मोठेपणी बहुतेकांत जवळपास बुजून जाते. सिरिंगोमायलियात या नलिकेत किंवा तिच्या शेजारी पाण्यासारखा द्रव साचून एक उभी पोकळी तयार होते. तिला सिरिंक्स म्हणतात. ती एखाद्या मणक्यापुरती असू शकते किंवा मानेपासून छातीच्या खालपर्यंत पसरू शकते. तिची आवडती जागा मात्र मानेचा खालचा आणि पाठीचा वरचा भाग. हातांच्या नसा इथूनच निघतात, म्हणून पहिली लक्षणं हातांत आणि खांद्यांत दिसतात.

आता त्या दोन वाटांकडे परत येऊ. हाताला चटका बसला की त्याची वार्ता मज्जारज्जूत शिरते, एक-दोन पातळ्या वर चढते आणि मग मधल्या नलिकेच्या अगदी पुढून पलीकडच्या बाजूला जाते. तिथून ती मेंदूकडे निघते. स्पर्शाची वार्ता असं काही करत नाही. ती ज्या बाजूनं आली त्याच बाजूच्या मागच्या पट्ट्यातून सरळ वर जाते आणि बाजू बदलते ती मेंदूच्या देठात पोहोचल्यावर. पोकळी मधून फुगते, तेव्हा तिच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडतात ते मध्यरेषा ओलांडणारे धागे, म्हणजे वेदनेचे आणि तापमानाचे. मागचे पट्टे बराच काळ सुखरूप राहतात. परिणामी त्या माणसाला हातावर फिरवलेलं मोरपीस कळतं, खिशातलं नाणं एक रुपयाचं की पाचाचं हे न बघता सांगता येतं, पण उकळत्या चहाचा पेला आणि थंड पाण्याचा पेला हाताला सारखेच वाटतात. वैद्यकात याला विलग संवेदनाहानी म्हणतात.

नुकसान फक्त त्या त्या पातळीवर ओलांडणाऱ्या धाग्यांचं होत असल्यामुळे बधिरतेला वरची आणि खालची अशी दोन्ही टोकं असतात. चेहरा शाबूत, पोट आणि पाय शाबूत, मधला पट्टा मात्र हरवलेला. दोन्ही खांदे, दंड, हात आणि पाठीचा वरचा भाग, जणू शाल पांघरावी तेवढाच. सुरुवातीला ही शाल एकाच खांद्यावर असते. दोन्ही बाजू सारख्याच बाधित झालेल्या क्वचित दिसतात. कमरेखाली बधिर होणं आपल्याला ऐकून माहीत असतं. मध्येच एक पट्टा बधिर होतो हे अनेकांना पटत नाही, आणि रुग्ण तसं सांगू लागला तर घरच्यांना ते मनाचे खेळ वाटतात. ते मनाचे खेळ नाहीत. शरीररचनेनुसार अगदी तसंच व्हायला हवं.

हे पकडायची तपासणी साधी आहे. कापसाचा बोळा, एक टाचणी आणि दोन परीक्षानळ्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत गार. डोळे मिटायला सांगून खांद्यापासून बोटांपर्यंत आणि मानेपासून छातीखालपर्यंत पद्धतशीर तपासायचं. अडचण अशी की गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पुष्कळदा फक्त स्पर्श तपासला जातो. “इथं हात लावला, कळतंय का?” “कळतंय.” “मग संवेदना ठीक आहेत.” सिरिंगोमायलियाच्या रुग्णाला सुरुवातीची कित्येक वर्षं हात लावलेला कळतच असतो. टाचणी आणि तापमान तपासलं नाही तर आजार समोर बसलेला असूनही निसटतो. याबद्दल माझं मत ठाम आहे. महागड्या यंत्राच्या आधी ही पाच मिनिटांची तपासणी झालीच पाहिजे. यंत्रानं कुठल्या भागाचं चित्र काढायचं, हे तीच ठरवते. कमरेचा एमआरआय करून ‘सर्व ठीक’ असा अहवाल हातात आला आणि पोकळी मानेत होती, असं घडू शकतं.

या न दुखण्यानं वैद्यकाच्या इतिहासात मोठा वाद उभा केला होता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात लानिलीस नावाच्या गावी ऑगुस्तँ मोर्वाँ नावाचे डॉक्टर होते. १८८३ मध्ये त्यांनी आपल्या काही रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या बोटांना वारंवार नखुरडी होत, पू भरे, हाडांचे तुकडे बाहेर पडत, आणि एवढं होऊन दुखत नसे. हातांतली ताकदही कमी होत जाई. नखुरडं किती ठणकतं हे ज्यानं अनुभवलंय, त्याला मोर्वाँ का चकित झाले ते कळेल. हा नवा आजार की जुनाच कुष्ठरोग, यावर बरीच वर्षं खडाजंगी झाली. इस्तंबूलचे झाम्बाको पाशा यांचं म्हणणं होतं की ब्रिटनीत कुष्ठरोग अजून शिल्लक आहे आणि मोर्वाँचे रुग्ण त्याचेच. पुढे १८९० मध्ये जोफ्रुआ आणि आशार या फ्रेंच डॉक्टरांनी अशा एका रुग्णाच्या शवविच्छेदनात मज्जारज्जूतली पोकळी दाखवून दिली. सिरिंगोमायलिया हे नाव तोवर नवं नव्हतं. ओलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८२७ मध्येच दिलं होतं. पण नाव एका कपाटात आणि रुग्ण दुसऱ्या, अशी स्थिती इतकी वर्षं होती.

हा वाद फ्रान्सचा असला तरी महाराष्ट्रात तो आजही जिवंत आहे, हे सांगितलंच पाहिजे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. न दुखणाऱ्या जखमा, झिजलेली बोटं, आत वळलेला पंजा दिसला की आपल्याकडे पहिला संशय कुष्ठरोगाचा येतो, आणि यायलाही हवा, कारण तो कितीतरी पटींनी अधिक आढळतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. फक्त दुसऱ्या शक्यतेचं दार बंद करू नये. कुष्ठरोगात जंतू त्वचेतल्या आणि त्वचेजवळच्या नसांवर हल्ला करतात. त्यामुळे बधिर भागात वेदनेबरोबर पुढे स्पर्शही जातो, त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टे असतात, कोपरामागची नस बोटांना जाड लागते. सिरिंगोमायलियात चट्टा नसतो, नस जाड नसते, स्पर्श टिकून असतो आणि बधिरतेची हद्द एखाद्या चट्ट्याला किंवा एका नसेला न जुमानता खांद्यावरून छाती-पाठीवर जाते. आणखी एक खूण हातोडीची. कुष्ठरोगात कोपराजवळच्या प्रतिक्षिप्त क्रिया बहुधा शाबूत राहतात. सिरिंगोमायलियात त्या लवकर हरवतात. कुष्ठरोगाचा शिक्का आपल्या समाजात माणसाला काय काय भोगायला लावतो ते मी इथे लिहायची गरज नाही. तो शिक्का चुकून बसू नये, आणि खरा आजारही उपचारावाचून वाढू नये, या दोन्हींसाठी हा फरक माहीत हवा.

पोकळी पुढच्या बाजूला सरकली की स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी चिरडल्या जातात. सर्वांत आधी झिजतात हाताच्या पंजातले छोटे स्नायू. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट होतो, अंगठा आणि तर्जनीमधल्या जागेत खळगा पडतो, हाताच्या मागच्या बाजूला शिरांच्या मध्ये चर दिसू लागतात. मग करंगळीकडची बोटं आत वळतात. काहींचा हात गार, निळसर आणि सुजल्यासारखा होतो, त्वचा जाड होते. हे सगळं हळूहळू घडतं, वर्षांच्या हिशेबानं. त्यामुळे माणूस नकळत जुळवून घेतो. बाटलीचं झाकण दुसऱ्याकडून उघडून घेतो, सुईत दोरा ओवायचं काम मुलीकडे देतो आणि वयाला दोष देतो. वय तर पुष्कळदा पंचवीस ते चाळीसच असतं.

हात असे लुळे पडत असताना पायांत मात्र उलट घडतं. मेंदूकडून पायांकडे जाणारे हुकमाचे धागे मज्जारज्जूच्या कडेनं उतरतात. पोकळी त्यांच्यावर दाब देऊ लागली की पाय ताठतात. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जोरात उडतो. चालताना चप्पल घासते, जिना उतरताना गुडघे नीट वाकत नाहीत, अंधारात तोल जातो. हात झिजलेले आणि निःशब्द, पाय कडक आणि उसळणारे, ही जोडी एकाच माणसात दिसली की नजर मानेकडे वळायला हवी. मोटर न्यूरॉन डिसीज नावाच्या गंभीर आजारातही हात झिजतात आणि पाय ताठतात, पण त्यात संवेदना जात नाहीत. म्हणून अशा रुग्णाला ते भयंकर निदान सांगण्याआधी टाचणी आणि पाण्याच्या नळ्या हातात घ्यायलाच हव्यात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की या आजारात दुखतच नाही. दुखतं, आणि कधीकधी असह्य दुखतं. ज्या हाताला तव्याचा चटका कळत नाही, तोच हात रात्री आगीत धरल्यासारखा जळजळतो. खांद्यात, मानेत, दंडात खोल, न थांबणारी वेदना असते. कुणाला मुंग्या येतात, कुणाला साधं पांघरूण टोचतं. ही वेदना त्वचेतून येत नाही. वेदनेच्या वाटेवरचे धागे आणि पेशी जखमी झाल्यामुळे ती मज्जारज्जूतच तयार होते, म्हणून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिला फारशा लागू पडत नाहीत. बाहेरची वेदना आत पोहोचत नाही आणि आतली थांबत नाही, हे रुग्णाला स्वतःलाही समजावून सांगता येत नाही. घरचे म्हणतात, टाचणी टोचली तर कळत नाही आणि म्हणे हात दुखतो! या माणसांवर विश्वास ठेवा, एवढंच मी म्हणेन. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नसांच्या वेदनेवरची वेगळी औषधं असतात. ती पूर्ण आराम देत नसली तरी झोप परत आणतात.

दुसरं दुखणं डोक्याचं. खोकला, शिंक, मोठ्यानं हसणं, शौचाला जोर करणं, जड बादली उचलणं, यांपैकी काही केलं की डोक्याच्या मागच्या बाजूला, मान जिथे कवटीला मिळते तिथे, जोराची कळ येते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते. अर्धशिशी, सायनस, चष्म्याचा नंबर अशी नावं देऊन या डोकेदुखीची बोळवण होते. अर्धशिशी तासन्‌तास टिकते. खोकल्यासरशी उठणारी आणि लगेच निवणारी मागची डोकेदुखी निराळी असते, आणि तिचा संबंध या आजाराच्या सर्वांत मोठ्या कारणाशी आहे.

त्या कारणाचं नाव कियारी विकृती. प्रागमधल्या हान्स कियारी या शरीरविकृतितज्ज्ञांनी १८९१ मध्ये तिचं वर्णन केलं. लहान मेंदूचे खालचे दोन टोकदार भाग कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रातून खाली मानेत उतरतात. पाच मिलिमीटरहून अधिक उतरले तर साधारणपणे विकृती मानतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात असतात ते एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतं, आणि शरीर रोज त्याच्या तिपटीहून अधिक नवं तयार करून तेवढंच शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कवटीत रक्त शिरतं आणि थोडं पाणी खाली मानेकडे सरकतं. छिद्रात मेंदूचं बूच बसलं असेल तर ही ये-जा अडते. क्लीव्हलंडच्या गार्डनर यांनी आणि इंग्लंडच्या बर्नार्ड विल्यम्स यांनी गेल्या शतकात या दाबाच्या गणिताचा पाठपुरावा केला. विल्यम्स यांचा भर खोकल्यावर होता, खोकताना कवटी आणि कणा यांच्यातल्या दाबात पडणाऱ्या फरकावर. १९९४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ओल्डफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय आणि शस्त्रक्रियेदरम्यानची सोनोग्राफी वापरून दाखवलं की हे खाली उतरलेले भाग प्रत्येक ठोक्याला दट्ट्यासारखे खालीवर होतात, खालच्या पाण्यात दाबाच्या लाटा उठवतात आणि बाहेरचं पाणी मज्जारज्जूच्या आत रेटतात. सगळ्याच प्रश्नांची उत्तरं यात मिळत नाहीत, पण वाट मोकळी केली की पोकळी आक्रसते हे शस्त्रक्रियेत पुनःपुन्हा दिसलं आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेव्हा मेंदूशल्यविशारद असलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी या चर्चेत वेगळाच मुद्दा मांडला. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधली अस्थिरता हेच मूळ कारण, आणि मेंदूचा भाग खाली उतरणं ही शरीरानं केलेली संरक्षणाची तजवीज, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे छिद्र मोठं करण्यापेक्षा ते दोन मणके स्क्रूनं पक्के करावेत, असं ते सांगतात. जगभरातले अनेक शल्यविशारद हे सर्व रुग्णांना लागू आहे असं मानत नाहीत आणि प्रचलित शस्त्रक्रिया अजूनही छिद्राची जागा मोकळी करण्याचीच आहे. पण मान आणि कवटी यांच्या सांध्यातली जन्मजात व्यंगं आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्या सांध्याची नीट पाहणी झाली आहे ना, हे रुग्णानं आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावं.

खांद्याच्या सांध्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे लक्षण अस्थिरोगतज्ज्ञांच्या दारात जातं. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये वेदना हरवलेल्या रुग्णांचे सांधे कसे झिजून मोडकळीला येतात हे दाखवलं. सांध्याला वेदना ही राखण असते. ती नसली की माणूस तो सांधा चुकीच्या कोनात वापरत राहतो, बारीक मोड होतात, कळत नाही, पुन्हा वापर. मधुमेहात असा सांधा बहुधा पावलाचा असतो. सिरिंगोमायलियात तो खांद्याचा किंवा कोपराचा. खांदा सुजतो, आत करकर वाजतं. क्ष-किरण चित्रात दंडाच्या हाडाचा गोल माथा जवळपास नाहीसा झालेला दिसतो, आणि रुग्ण मात्र हात हलवत सांगतो की थोडं दुखतं, फार नाही. चित्र आणि तक्रार यांत एवढी तफावत असेल तर खांद्याचं ऑपरेशन ठरवण्याआधी मानेचा एमआरआय करायलाच हवा.

बाकीच्या काही खुणा थोडक्यात. एका बाजूची पापणी किंचित खाली येणं आणि त्याच डोळ्याची बाहुली लहान होणं. चेहऱ्याच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला घाम जास्त येणं किंवा अजिबात न येणं. उशिराच्या टप्प्यात लघवी-शौचावरचा ताबा सैल होणं. पोकळी वर मेंदूच्या देठात शिरली तर आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो, जिभेची एक बाजू बारीक होते, बुबुळं आपोआप हलतात, उचकी थांबत नाही. चेहऱ्याची बधिरता कानाकडून सुरू होऊन नाक-तोंडाकडे सरकते. झोपेत श्वास अडखळू लागला किंवा घास वारंवार श्वासनलिकेत जाऊ लागला, तर तिथे वाट पाहायची नसते.

मुलांत हा आजार पुष्कळदा पाठीच्या बाकातून बोलतो. शाळेचा गणवेश घातल्यावर एक खांदा वर दिसतो, दप्तराचा एक पट्टा सारखा घसरतो, वाकल्यावर पाठीची एक बाजू उंचावते. किशोरवयातल्या मुलींत पाठीला बाक येणं तसं दुर्मीळ नाही आणि बहुतेकींत त्यामागे मज्जारज्जूचा आजार नसतो. पण बाक फार लहान वयात आला, झपाट्यानं वाढला, छातीच्या भागात नेहमीप्रमाणे उजवीकडे न जाता डावीकडे गेला, पाठ दुखत असली किंवा पोटाच्या त्वचेवर हलकी रेघ ओढल्यावर एका बाजूचे स्नायू आकसले नाहीत, तर संपूर्ण कण्याचा एमआरआय करावा. पोकळीवर वेळीच उपचार झाले तर काही मुलांत बाक वाढायचा थांबतो, थोडा कमीही होतो.

कियारी नसतानाही पोकळी होऊ शकते. मज्जारज्जूतल्या गाठी हे एक कारण; म्हणून पहिल्या एमआरआयच्या वेळी शिरेतून औषध देऊन गाठ नाही ना, हे पाहतात. आपल्याकडचं आणखी एक कारण क्षयाचा मेंदूज्वर. त्यातून बरं झाल्यावर मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांत चिकटे तयार होतात, पाणी अडतं आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी पोकळी दिसू लागते. ‘क्षय बरा झाला, मग पाय का ताठतायत?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी इथे असतं.

तिसरा गट माझ्या मनाला फार जवळचा आहे. झाडावरून, विहिरीत, बांधकामावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात ज्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली, त्यांच्यापैकी काहींना नंतर त्या जागेपासून वर सरकणारी पोकळी होते. कुणाला काही महिन्यांत, कुणाला वीस वर्षांनी. चाकाच्या खुर्चीत बसून ज्यानं आयुष्य पुन्हा उभं केलंय, त्याचे हात हेच त्याचं सगळं काही असतं. अशा माणसाला खांद्यात किंवा हातात नवी वेदना सुरू झाली, बधिरतेची रेषा वर सरकली, खुर्चीतून खाटेवर जाताना हातांचा जोर कमी पडू लागला, घाम येण्याची तऱ्हा बदलली, तर ‘जुनंच दुखणं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. इजा होऊन गेलेल्या मज्जारज्जूत नवं काही घडत नाही, हा समज डॉक्टरांमध्येही आहे आणि तो चुकीचा आहे.

याउलट एक दिलासा. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये मधली नलिका एक-दोन मिलिमीटर रुंद दिसते आणि अहवालात सिरिंक्स हा शब्द येतो. तपासणीत काही खोट नसेल, कियारी किंवा गाठ नसेल, तर पुष्कळदा ती फक्त शिल्लक राहिलेली जन्माची नलिका असते. ठरावीक काळानं पुन्हा चित्र काढून पाहणं एवढंच तिथे पुरतं. इंटरनेटवर तो शब्द शोधून रात्र जागवू नये.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचे आहेत आणि ते कारणानुसार ठरतात. कियारीत कवटीच्या छिद्रामागचं हाड थोडं काढून, बऱ्याचदा आवरणाला ठिगळ जोडून पाण्याची वाट मोकळी करतात. गाठ असेल तर गाठ काढतात, चिकटे असतील तर सोडवतात, कुठे नळी बसवून पाणी वळवतात. खोकल्याची डोकेदुखी बहुतेकांची जाते, काहींच्या हातात बळ परततं. पण बधिरता आणि झिजलेले स्नायू पुष्कळदा आहेत तिथेच राहतात. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढचं नुकसान थांबवण्याचा असतो. डाग दिसताच प्रश्न विचारला गेला पाहिजे, असा आग्रह मी लेखाच्या सुरुवातीपासून धरतोय, तो यासाठीच.

निदान झालेल्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेणं कायमचं बंद. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला अंगावर काढू नये. बाळंतपण किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांना कियारी आणि पोकळीबद्दल आधी सांगावं, कारण कमरेत सुई घालून पाणी काढणं अशा रुग्णात धोक्याचं ठरू शकतं. आंघोळीचं पाणी बधिर हातानं पाहू नये. पायानं पाहावं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला पाहायला सांगावं. चुलीपाशी, इस्त्रीपाशी, भट्टीपाशी जाड हातमोजा घालावा, सांडशी लांब दांड्याची घ्यावी. गरम पाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन झोपू नये. रोज रात्री दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट करून बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाहावेत, आणि पाठीकडची, कोपरामागची बाजू घरातल्या माणसानं पाहावी. फोड दिसला तर दुखत नसला तरी तो धुवावा, झाकावा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवावा.

पुढच्या आठवड्यात : मज्जारज्जूच्या गाठी.